गाठीची गोफण, वेणीची गोफण

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी चिकात आली की राखणीचे दिवस सुरू होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेलं पीक हिवाळ्यात दाणा धरतं आणि नेमक्या त्याच वेळी मध्य आशियाकडून आलेले भोरड्यांचे थवे दख्खनवर उतरलेले असतात. चिमण्या, राघू, साळुंक्या तर बारमाही गावच्याच. ऊन तापेपर्यंतची सकाळ आणि दिवस कलल्यानंतरची वेळ, या दोन वेळा राखणीच्या माळ्यावर कुणी उभं नसेल तर कणसं रिकामी होत जातात. आता रानात चकाकत्या फिती दिसतात, डबे वाजतात, कुठे फटाके फुटतात. तरी गोफण अजून पुरती गेलेली नाही, आणि ती जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

गोफण म्हणजे दोन दोऱ्या आणि मध्ये गुंडा, म्हणजे फेकायचा गोळा, ठेवायला खळगा. एका दोरीचा फास बोटात, दुसरीचं टोक चिमटीत. फिरवून चिमटी सोडली की गुंडा निघाला. एवढ्या साध्या वस्तूकडून आपण दोन अगदी उलट गोष्टी मागतो. एक टोक कधीच सुटता कामा नये. दुसरं दर वेळी सुटलंच पाहिजे, तेही नेमक्या क्षणी, न अडखळता. दोरीकडून हे करून कसं घ्यायचं, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो गाठी मारा, दुसरा म्हणतो वेणी घाला.

या लेखात दोन्ही पक्ष समोरासमोर बसवले आहेत. वेणीच्या बाजूच्या आबांचा जन्म रानात गेला. अंबाडीच्या वाखाची दोरी ते अजून मांडीवर वळतात. गाठीच्या बाजूची त्यांची नात पुण्यात असते, सह्याद्रीच्या कड्यांवर प्रस्तरारोहण शिकवते. दुसऱ्यांनी मारलेल्या गाठी तपासणं हा तिच्या रोजच्या कामाचा भाग आहे. जिथे मला राहवलं नाही तिथे मी मध्ये बोललो आहे.

नात : आबा, तुम्ही गोफण करायला घेतली की दोन-तीन दिवस तिच्यातच जातात. वाख विंचरा, पेड काढा, पीळ भरा, वेणी घाला. मी चार गाठींत गोफण उभी करते. चार मिलिमीटरची दोरी, चामड्याचा हातभर नव्हे, नुसता तळहाताएवढा तुकडा, आणि पाव तास.

आबा : पाव तासात झालेली गोफण किती टिकंल? गाठ म्हंजी दोरीचं दुखणं, पोरी. जिथं गाठ तिथं दोरी तुटती. कासरा वळणाऱ्या कुणालाबी इचार.

नात : ते मला मान्यच आहे. साधी गाठ मारली की दोरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. गाठीत दोरीला फार आखूड वळण घ्यावं लागतं. बाहेरचे तंतू ताणले जातात, आतले दबतात, सगळा भार थोड्याच तंतूंवर येतो. वळण मोठं, तितकं नुकसान कमी. म्हणून आम्ही आठाच्या आकाराची गाठ वापरतो, तिच्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास ताकद उरते. पण गोफणीला ताकद लागते तरी किती? शंभर ग्रॅमचा गुंडा धरा. वेग सेकंदाला तीस मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. फेरा मीटरभर त्रिज्येचा. ओढ किती येते? नऊ किलोची. तीसुद्धा दोन दोऱ्यांत वाटलेली. माझी दोरी तीनशे किलो पेलते. निम्मी ताकद गेली तरी दीडशे किलो उरली.

आबा : तुजा किलोचा हिशोब बरोबर आसंल. पर गोफण ओढून तुटत न्हाई. झिजून तुटती.

नात : कुठे झिजते?

आबा : खळग्यापाशी. दोरी जिथं चामड्याच्या भोकातनं जाती तिथं. दर फेकीला ती भोकाच्या कडेवर घासती. वर रानातली माती. काळी माती लई बारीक असती, पेडात शिरती आन् आतनं वाख कापती. वरनं दोरी धड दिसती, आन् एक दिवस हातात अर्धीच राहती.

इथे आबांनी वादाची जागा बदलली, आणि ती योग्य जागी नेली. गाठींबद्दल जे काही छापलं जातं त्यातलं बरंचसं ताकदीबद्दल असतं, कारण गाठींचं शास्त्र जहाजांवर आणि कड्यांवर वाढलं. तिथे गाठ सुटली किंवा दोरी तुटली तर माणूस जातो. गोफणीत भार थोडा, पण तो हजारो वेळा येतो आणि हजारो वेळा एकदम नाहीसा होतो. अशा कामात दोरी किती पेलते यापेक्षा ती कुठे हलते हे बघावं लागतं.

नात : मग भोकात हलणारच नाही अशी गाठ मारू. खळग्याच्या दोन्ही टोकांना भोक. दोरीच्या टोकाला फास करायचा, तो फास भोकातून ओवायचा आणि दोरीचं दुसरं टोक त्या फासातून काढून आवळायचं. चामडं गाठीत घट्ट धरलं जातं. ओढ वाढली की पकडही वाढते. भोकात दोरी हलली नाही तर झिजणार नाही.

आबा : आन् भोकाचं चामडं?

नात : भोक काठापासून बोटभर आत पाडायचं आणि गोल पाडायचं. चीर दिली तर ती फाटत जाते.

आबा : हे चांगलं हाय. पर माझ्या खळग्याला भोकच न्हाई.

आबांचा खळगा वेणीतूनच निघतो. दोरी वळत खळग्यापर्यंत आली की पेड दोन वाटण्यांत विभागायचे, सहा-सात बोटं लांबीच्या दोन वेण्या शेजारी-शेजारी घालायच्या आणि मग सगळे पेड पुन्हा एकत्र घेऊन दोरी पुढे चालवायची. मध्ये जी फट राहते तिच्यात गुंडा बसतो, दोन्ही वेण्या त्याला दोन्ही बाजूंनी कवळतात. गुंडे लहान असतील तर फटीत आडव्या दोऱ्यांची जाळी भरायची. सगळी गोफण एकाच वाखाची. चामडं, भोक, जोड काहीच नाही, त्यामुळे झिजायला एक ठरावीक जागाच उरत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे आणि फार लांबवर सापडते. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतले मेंढपाळ लामा-अल्पाकाच्या लोकरीची गोफण करतात, तिला वराका म्हणतात. तिच्यात रंगीत लोकरीच्या आठ-सोळा पेडांच्या वेण्या असतात आणि खळगा कित्येकदा असाच दुभंगलेला असतो. तिबेटी पशुपालक याकच्या केसांची गोफण वळतात. इजिप्तमध्ये तुतनखामुनची कबर १९२२ साली हॉवर्ड कार्टरला सापडली, तिच्यात लिननच्या धाग्याच्या विणलेल्या गोफणी निघाल्या. सव्वातीन हजार वर्षांनंतरही बोटाचा फास ओळखू येत होता. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराचं प्रकरण आहे, त्यात दगडाच्या शस्त्रांमध्ये गोफणीची नोंद आहे. या सगळ्या लोकांना गाठी येत नव्हत्या असं कोण म्हणेल? तरी त्यांनी चांगल्या गोफणीसाठी वेणी निवडली.

नात : त्यांच्याकडे वेळ होता, आबा. मेंढरांमागे दिवसभर बसलेल्या माणसाचे हात मोकळे असतात. आज शेतावर राखणीला येणाऱ्या पोराला वाख कुठे मिळणार? अंबाडी लावतंय कोण? त्याला बाजारात नायलॉनची दोरी मिळते. त्या दोरीची गोफण त्याला करता आली नाही तर तो गोफण करणारच नाही. गाठ शिकली की मिळेल त्या दोरीची गोफण होते. बुटाची नाडी, सुतळी, जुनं दावं, काहीही.

आबा : हे तुजं खरं हाय.

इथे आबा थांबले. दोरखंड वळण्याचं काम गावोगावी पिढ्यान् पिढ्या मातंग कारागिरांनी केलं. नाडे, सोल, कासरे, दावी, शिंकी, गोफणी, सगळं त्यांच्या हातचं. आबाही ते अशाच एका शेजाऱ्याच्या अंगणात बसून शिकले. त्या हुन्नराचा मोबदला बलुत्याच्या दाण्यांत मोजला गेला, कला म्हणून त्याला मान मिळाला नाही. अमेरिकेत क्लिफर्ड अ‍ॅशली या चित्रकाराने खलाशी, कोळी, विणकर, खाटीक अशा अनेक धंद्यांतल्या लोकांकडून गाठी गोळा केल्या आणि १९४४ साली साडेतीन हजारांहून अधिक नोंदींचा ग्रंथ छापला. आपल्या दोरखंडवाल्यांकडे असं वही घेऊन कुणी बसलं असतं तर आज आबांच्या नातीला वेणीचा फास शिकायला आबांच्याच आयुष्यावर अवलंबून राहावं लागलं नसतं. याची मला खंत वाटते.

नात : बरं, बोटाच्या फासाकडे येऊ. मी बोलाईन मारते. दोरीवर छोटा वेढा घ्यायचा, टोक त्यातून वर काढायचं, मुख्य दोरीच्या मागून फिरवायचं आणि त्याच वेढ्यातून परत खाली न्यायचं. फास हवा तेवढा राहतो, ओढला तरी बोटावर आवळत नाही, आणि काम झाल्यावर गाठ सहज सुटते.

आबा : ही तर विणकराची गाठ. सोलापूरच्या मागावर ताणा तुटला की धाग्याला धागा हिनंच जोडत्यात. तू एकाच दोरीचं दोन्ही धागं केलंस एवढंच.

आबांची नजर पक्की होती. बोलाईन, विणकराची गाठ आणि कोळ्याच्या जाळ्यातली गाठ यांची आतली मांडणी एकच आहे. एका दुमडीतून दुसरी दोरी वर येते, दुमडीच्या पाठीमागून जाते आणि स्वतःखाली दबते. धाग्याला धागा जोडला तर ती मागावरची गाठ, त्याच दोरीचं टोक परत आणलं तर जहाजावरचा फास. कोकणातला कोळी, सोलापूरचा विणकर आणि कड्यावरची मुलगी तिघंही तीच गाठ मारतात.

आबा : पर गोफणीला ती चालायची न्हाई.

नात : का?

आबा : मागाचा धागा कायम ताणलेला ऱ्हातो. ताण हाय तवर ही गाठ लई इमानी. गोफणीत गुंडा सुटला की दोरी सैल पडून फडफडती. पुन्हा ताण, पुन्हा फडफड. वाखाची आसंल तर धरून ऱ्हाईल, वाख खरबरीत असतो. तुजी नायलॉनची दोरी गुळगुळीत. ती गाठ जरा जरा करून ढिली व्हनार.

नात : हो. याच कारणासाठी आम्ही कमरपट्ट्याला दोर बांधताना आठाची गाठ पसंत करतो. बोलाईन मोकळी हलत राहिली तर सैलावते. तिला टोकाशी आणखी एक गाठ घालून कुलूप लावावं लागतं. मग गोफणीलाही आठाचाच फास घेते. दोरी दुहेरी करायची, तिचा आठ वळायचा आणि दुमड शेवटच्या वेढ्यातून बाहेर काढायची. फडफडली तरी सुटत नाही.

आबा : आन् ती गाठ बोटाच्या सांद्यात रुतती. दिवसभर राखण करून बग.

हा मुद्दा नातीला खोडता आला नाही. दुहेरी दोरीची आठाची गाठ जाड होते, आणि फासाची गाठ नेमकी तळहाताच्या बाजूला येते. फेकणारा दिवसाला पाच-दहा गुंडेच फेकणार असेल तर चालेल. राखणदाराची गोष्ट वेगळी.

सरकत्या फासाचंही इथेच बोलून टाकावं, कारण नवा माणूस हमखास तोच मारतो. तो मारायला सोपा आणि बोटातून निसटत नाही. पण प्रत्येक फेकीला तो बोटावर आवळतो, आणि नऊ किलोची ओढ बारीक दोरीतून बोटावर आली तर बोट काळंनिळं पडतं. गोफणीच्या बोटात सरकता फास घालू नये, यावर आबा आणि नात यांचं पहिल्यापासून एकमत आहे.

आबा : फास गाठीनं करायचाच कशाला? तीन पेड घे. त्यांच्या मधोमध चार-पाच बोटं वेणी घाल. ती वेणी दुमड. आता दोन्ही बाजूंची मिळून सहा टोकं झाली. दोन-दोन जोडून तीन कर आन् तीच वेणी पुढं चालव. फास झाला. कुठं गाठ हाय का बग.

नात : आणि जोडाच्या पुढे दोरी दुप्पट जाड.

आबा : जाड झाली म्हंजी पक्की झाली. पुढं हवं तर हळूहळू वाख कमी करत जा.

नात : तयार दोरी असेल तर? तीन पेडांची पिळाची दोरी बाजारात मिळते.

आबा : तर टोकाचे पेड उलगड, दोरी दुमड आन् एक-एक पेड दोरीच्या पिळाखालनं ओव. पिळाच्या उलट दिशेनं, एक पेडावरनं, एक पेडाखालनं. तीनदा ओवलं की बस. दाव्याचा फास असाच असतो.

नात : गुळगुळीत दोरी असेल तर पाच वेळा ओवायला हवं, तीन पुरणार नाहीत. पण हे बरोबर आहे. असा ओवलेला फास दोरीची जवळजवळ सगळी ताकद राखतो, आणि बोटाला गाठ लागत नाही.

दाव्याचा उल्लेख आबांनी सहज केला, पण दावं हे गोफणीचं जवळचं नातेवाईक आहे. त्याच्याही एका टोकाला फास असतो आणि दुसऱ्याला गुंडी. फरक गुंडीच्या कामात आहे. दाव्याची गुंडी फासात अडकून जनावराला धरून ठेवते, म्हणून ती मोठी हवी. गोफणीच्या टोकाची गाठ सुटण्यासाठी असते. आता दोघांचा खरा वाद तिच्यावरच झाला.

नात : सुटणाऱ्या टोकाला मी साध्या गाठीत एक वेढा जास्त घालते. नुसती साधी गाठ चपटी आणि वेडीवाकडी बसते. दोन वेढ्यांची गाठ लांबट, गोल आणि गुळगुळीत होते, चिंचोक्यापेक्षा थोडी लहान. अंगठा आणि तर्जनीच्या पेरामध्ये ती धरली की न बघताही कळतं, टोक किती आत आहे. दर वेळी पकड तीच, तर सुटण्याचा क्षणही तोच. मोठी गाठ मारली तर ती बोटाला अडखळते. गुंडा क्षणभर उशिरा सुटतो आणि डोक्यावर फिरवणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाचा नेम डावीकडे जातो. नव्या माणसाचे गुंडे सारखे डावीकडे जात असतील तर आधी गाठ तपासावी, हाताला दोष नंतर द्यावा.

आबा : माझ्या टोकाला गाठच न्हाई. वेणी निमुळती करत न्यायची आन् शेवटी वाखाचा झुबका मोकळा सोडायचा. चिमटीत धरायला मऊ, सुटायला हलका. आन् त्यो वाजतो. गुंडा न घालता गोफण फिरवून झटका दिला की झुबक्याचा असा कडाका उठतो की अर्ध्या रानातली पाखरं उडत्यात. गुंड्याची गरजच पडत न्हाई. तुज्या गाठीचा आवाज येतो का?

नात : नाही येत.

आबा : मग राखणीला ती निम्मीच गोफण.

माझ्या मते दोघंही आपापल्या कामापुरते बरोबर आहेत, आणि हे काम कोणतं ते आधी ठरवायला हवं. ठरावीक जागी गुंडा न्यायचा असेल तर गाठ हवी, कारण नेम म्हणजे तीच क्रिया पुन्हा तशीच करणं, आणि गाठ हाताला ठाम खूण देते. पाखरं उठवायची असतील तर झुबका. माळ्यावरचा जुना राखणदार कणसांच्या वरून गुंडा सोडायचा. त्याचा सूंऽऽ असा आवाज थव्याला पुरतो. पाखरू मारणं हा राखणीचा हेतू कधीच नव्हता आणि नसावा. भोरड्या ज्वारी खातात, तशाच त्या टोळ-नाकतोडेही खातात. त्या हिवाळ्यापुरत्या येतात, त्यांना उठवून दुसरीकडे वळवलं की काम झालं.

नात : आवाजाचं मान्य. पण लांबी? तुमच्या वेणीची लांबी एकदा झाली ती झाली. माझा हात लांब, भावाचा आखूड. एकच गोफण दोघांना कशी पुरेल? माझी गाठ मी सोडीन, दोन बोटं दोरी कमी करीन, पुन्हा मारीन.

आबा : लांबीचं माप हाय की. फास बोटात घालायचा, टोक चिमटीत धरायचं आन् हात सरळ खाली सोडायचा. खळगा जमिनीला टेकता कामा नये.

नात : ते ढोबळ माप. मुख्य म्हणजे दोन्ही दोऱ्या सारख्या ओढल्या गेल्या पाहिजेत. माणसं गोफण जमिनीवर अंथरतात आणि दोन्ही टोकं जुळवतात. तिथेच चूक होते, कारण फास मधल्या बोटाच्या पेरावर बसतो आणि गाठ अंगठ्याच्या टोकाशी असते. म्हणून खळग्यात गुंडा ठेवून, फास बोटात आणि टोक चिमटीत धरूनच सुटणाऱ्या टोकाची गाठ कुठे यायला हवी ते ठरवायचं. खळगा सपाट लटकला पाहिजे. एका बाजूला कलला तर गुंडा फिरतानाच गळतो, आणि गळलेला गुंडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. हे माप जमेपर्यंत तीन-चार वेळा गाठ सोडावी लागते. वेणीत हे कसं करणार?

आबांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. मलाही गाठीची सगळ्यात मोठी बाजू हीच वाटते. भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांचे गोफणकरी कार्थेज आणि रोम दोघांच्याही सैन्यात पगारावर लढले. हानिबलच्या फौजेत ते होते. जुने ग्रीक लेखक लिहितात की त्यांच्यापाशी वेगवेगळ्या लांबीच्या तीन गोफणी असत. लांब पल्ल्याला लांब, जवळच्या माऱ्याला आखूड. एक डोक्याभोवती बांधलेली, एक कमरेला, एक हातात. त्यांना प्रत्येक लांबी आपल्या हाताला किती हवी हे लहानपणापासून माहीत होतं. आज त्याच मायोर्का बेटावर गोफणीच्या स्पर्धा होतात. आपल्याकडे ज्याच्या हातात पहिल्यांदा गोफण येते त्याला मात्र ती लांबी शोधावी लागते, आणि शोधायची तर गोफण बदलता आली पाहिजे.

आबा : मग आसं कर. आदी तुजी गाठीची गोफण बांध. आठ-पंधरा दिवस फेकून बग. लांबी ठरली की मला दे. त्या मापाची मी वेणीची वळून देतो.

नात : आणि दोरी? नायलॉन चालेल?

आबा : शिकायला चालंल. पर नायलॉन लवतं. गुंड्याच्या ओढीनं जरा लांबतं आन् सोडताना आखडतं. हाताला गुंडा नीट कळत न्हाई.

नात : हे मी मानते. कड्यावर लवणारी दोरी हवी असते, पडणाऱ्याचा झटका ती खाते. गोफणीत झटका खायला कुणी नाही, उलट तो गुंड्याला मिळायला हवा. मग सुतळी घेऊ?

आबा : पिळाची चांगली सुतळी, न्हाईतर सुती दोरी. पावसात न्हेऊ नको. पाण्यानं फुगली की गाठ आशी बसती की सुटायचं नाव घेत न्हाई. आन् टोकं मोकळी ठेवू नको, दोऱ्यानं गुंडाळून बांध. टोक उसवलं की पीळ गेला, पीळ गेला की दोरी गेली.

नात : टोकं मी बांधतेच. आणि कुणालाही शिकवताना पहिली गोष्ट सांगते, चारी बाजूंनी रान मोकळं हवं. पुढची बाजू मोकळी असून भागत नाही. नव्या माणसाचा गुंडा मागेही जातो, बाजूलाही. माळ्याखाली, बांधावर, रस्त्यावर कुणी असेल तर गोफण हातात घ्यायची नाही. आणि डोक्यावर पाच-सात फेरे मारायचे नाहीत, एक पूर्ण फेरा पुरतो. जास्त फेऱ्यांनी वेग फारसा वाढत नाही, नुसता नेम सुटतो.

आबा : आन् दगड नको. काळ्या मातीचे गुंडे वळ, लिंबाएवढे, उन्हात चांगले वाळव. सगळे एका वजनाचे होत्यात. पडले की फुटत्यात, कुणाच्या औताला आडवं येत न्हाईत.

सीरियात हमूकार इथल्या उत्खननात सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे मातीचे गोफणगुंडे ढिगांनी सापडले आहेत. आबांनी हमूकारचं नाव कधी ऐकलेलं नाही. गुंडा सारखा हवा, म्हणजे हाताला प्रत्येक वेळी तीच ओढ मिळेल, हे त्यांना रानात कळलं आहे. दगड निवडून घेतले तरी दोन दगड सारखे नसतात, आणि मग नेम चुकल्याचा दोष माणूस उगाच गाठीला देतो.

नात : मग आज संध्याकाळी गाठीची गोफण बांधू. चामड्याला आवळणारी गाठ, बोटाला आठाचा फास, सुटणाऱ्या टोकाला दोन वेढ्यांची गाठ.

आबा : बोटाचा फास तेवढा ओवून घे. म्या दावतो. बाकी तुज्या गाठी.

नात : बरं. फास केवढा ठेवू?

आबा : मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापातूर जाईल एवढा. मूठ झाडली तर निघता कामा नये, आन् उपसायला जोर लागता कामा नये.

नात : आणि तुमच्या वेणीसाठी वाख भिजवून ठेवू का?

आबा : चिंब नको. नुसता ओलसर. भिजून फुगलेल्या वाखाची वेणी घातली तर सुकल्यावर ती सैल पडती, आन् मग तुजं ठरलेलं माप पुन्हा चुकतं.